सुंदरही आणि अस्वस्थ करणारंही: सातारा-सांगलीहून समकालीन कलाप्रदर्शन पाहायला निघताना

साताऱ्यात किंवा सांगलीत राहून समकालीन कला पाहायची म्हणजे प्रवास आलाच. नाटकाचं तसं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवलं तेव्हापासून नाटक आपल्या दारात आहे, आणि नाटक कसं बघायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. चित्र-शिल्पाची तशी सवय आपल्याला लागली नाही. म्हणून मुंबई-पुण्याच्या एखाद्या गॅलरीत पहिल्यांदा शिरलं की गोंधळ उडतो. त्यातही काही कामं अशी असतात की डोळ्यांना फार देखणी वाटतात आणि पोटात मात्र कालवाकालव होते. माणूस मग ‘आपल्याला काही कळलं नाही’ म्हणून पाच मिनिटांत बाहेर येतो.

हा लेख अशाच प्रदर्शनांसाठी आहे. देखणेपण आणि अस्वस्थता जिथे एकत्र येतात, तिथे नवख्याने काय करायचं, कसं पोचायचं, किती वेळ थांबायचं, हे क्रमाने सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘छान वाटलं’ आणि ‘कसंतरी झालं’ या दोन गोष्टी वेगळ्या करू नका. त्यांचा सांधा कुठे आहे ते शोधा. अशा कामात पाहण्यासारखं जे असतं ते त्या सांध्यातच असतं.

पहिली पायरी: घराजवळचा सराव

साताऱ्याचे असाल तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या दरम्यान कासला जा. ऑनलाइन नोंदणी करून, मधल्या वारी, गर्दी टाळून. जांभळा गालिचा बघून फोटो काढतोच आपण, पण यावेळी वाटेच्या कडेला उकिडवे बसा आणि ‘सीतेची आसवं’ जवळून पाहा. नखाएवढं जांभळं फूल, नाजूक देठ. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव धडकला की झडप उघडते, आणि पापणी लवायच्या आत पाण्यासकट तो आत ओढला जातो. हे माहीत झाल्यावर पुन्हा मान वर करून त्याच पठाराकडे बघा. फुलं तितकीच सुंदर दिसतील, पण आता सगळं पठार एकाच वेळी जेवत असल्याचंही दिसेल. दोन्ही गोष्टी डोळ्यांत एकदम धरून ठेवता येतात का, एवढाच सराव करायचा आहे. फूल खुडू नका आणि वाट सोडून फुलांत पाय टाकू नका.

सांगलीकरांना वेगळा सराव सांगायला नको. आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी पंचेचाळीस फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे सरकायला लागलं की अर्धं गाव काठावर जमतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांवर गेलं. तांबूस, फुगलेलं, भोवरे घेत जाणारं ते पाणी बघताना नजर हटत नाही आणि जीवही थाऱ्यावर नसतो. ज्यांच्या घरात ते पाणी शिरलं त्यांच्याकडे हा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी खोल आहे. गॅलरीत तोच अनुभव हाताशी धरून जायचं. तो बाजूला ठेवून तिथे जाण्यात काही अर्थ नाही.

दुसरी पायरी: औंध

मुंबई गाठायच्या आधी एक दिवस औंधला द्या. खटाव तालुक्यात, साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे. सांगलीकडून येणाऱ्यांना कडेगाव-पुसेसावळीमार्गे. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि १९३८ साली त्यांनी आपला संग्रह लोकांसाठी खुला केला. निघण्याआधी फोन करून सुट्टीचा वार विचारून घ्या. आत फोटो चालतात का, तेही दारातच विचारा.

इथे राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत, आणि त्याच छपराखाली हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्पही आहे. नवख्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही. आधी रविवर्म्यांसमोर थांबा: तलम वस्त्र, दागिन्यांची चमक, त्वचेचा उजेड. सौंदर्य इथे लगेच हाताला लागतं. मग मूरच्या शिल्पाकडे या. आई-मुलाचा विषय आपल्या अगदी ओळखीचा, पण आपल्याला अपेक्षित असलेला गोडवा त्यात सहज सापडत नाही. मूरने हा विषय आयुष्यभर पुन्हापुन्हा हाताळला आणि शरीराचं हुबेहूब रूप मागे टाकत गेला. त्या दगडाभोवती जेवढं फिरता येईल तेवढं फिरा. ओळखीच्या गोष्टीत अनोळखी काय झालंय, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तराची घाई करू नका. समकालीन प्रदर्शनात हाच प्रश्न पदोपदी लागणार आहे.

प्रदर्शन निवडताना

‘मुंबईला गेलोय तर बघू काहीतरी’ असं करू नका. महिनाभर आधी गॅलऱ्यांची संकेतस्थळं आणि इन्स्टाग्राम पाने पाहा. खासगी गॅलरीतलं एखाद्या कलावंताचं एकल प्रदर्शन साधारण महिना-दीड महिना चालतं, तर जहांगीर आर्ट गॅलरीत बहुतेक प्रदर्शनं आठवड्याला बदलतात. पहिल्या वेळेला समूह-प्रदर्शनापेक्षा एकाच कलावंताचं प्रदर्शन घ्यावं, असं मला वाटतं. एका माणसाच्या पंधरा कामांत त्याची चाल कळते. पंधरा जणांच्या पंधरा कामांत फक्त डोकं गरगरतं.

प्रदर्शनाच्या सूचनेतल्या मजकुराकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही. तो बहुधा जड इंग्रजीत असतो. त्याऐवजी दोन-तीन छायाचित्रं मोठी करून पाहा आणि माध्यम वाचा. काम कशाचं केलंय, हे या प्रकारच्या कलेत फार बोलकं असतं. अनिता दुबे यांच्या १९९७ च्या एका कामात लाल मखमल, लेस आणि मणी आहेत. एवढंच वाचलं तर लग्नाचा शालू वाटेल. त्या मखमलीच्या आत माणसाची खरी हाडं आहेत. भारती खेर यांनी जमिनीवर कोसळलेली, खऱ्या हत्तीएवढी फायबरग्लासची हत्तीण केली आणि तिच्या अंगभर टिकल्या चिकटवल्या. टिकली आपल्या प्रत्येक घरातल्या आरशावर असते. ती हजारोंनी एकत्र आली की मरणासन्न जनावराची कातडी होते.

मुंबईच्या आधी जवळचा पल्ला हवा असेल तर कोल्हापूर आहेच. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात सतत काही ना काही चालू असतं, आणि कलानिकेतन, दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट यांसारख्या कलामहाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नयेत. विद्यार्थ्यांची कामं कच्ची असतात, पण त्या मुलांना विचारलं की ती भरभरून बोलतात, आणि ती बोलतात आपल्याच भाषेत.

गाडी, वार, वेळ

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री कोल्हापूरहून निघते, मिरज, सांगली, कराड, सातारा करत सकाळी सीएसएमटीला पोचते. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, तेव्हा रात्रीच्या रिक्षाचं आधी ठरवून ठेवा. सीएसएमटीवरून काळा घोडा हा गॅलऱ्यांचा भाग चालत वीस मिनिटांवर. गॅलऱ्या अकराला उघडतात, म्हणजे अंघोळ-नाश्त्याला भरपूर वेळ आहे. रात्री तीच गाडी परत असते, त्यामुळे मुक्कामाचा खर्च वाचतो. वेळापत्रक बदलत असतं. आरक्षण करताना बघून घ्या.

वार महत्त्वाचा. बहुतेक खासगी गॅलऱ्या मंगळवार ते शनिवार उघड्या असतात आणि रविवारी बंद. सरकारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं. नोकरदारांना शनिवारच सोयीचा पडतो, आणि तो पुरतो.

एका दिवसात दोन ठिकाणं, फार तर तीन. यापेक्षा जास्त करू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. सकाळी एक खासगी गॅलरी, जेवण, दुपारी राष्ट्रीय संग्रहालय किंवा जहांगीर. अस्वस्थ करणारी कामं अंगावर येतात. दुपारी चारनंतर डोळे उघडे असले तरी माणूस पाहत नसतो.

दारातून आत शिरताना

पुष्कळ चांगल्या गॅलऱ्या रस्त्यावर नसतात. केमोल्ड ही १९६३ पासूनची गॅलरी फोर्टमध्ये एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्ल्यांमधल्या काही गॅलऱ्याही अशाच, जिन्यातून जायच्या. खाली पाटी लहान, दार बंद, आत कुणी दिसत नाही. बेल वाजवा. दार उघडतं. प्रवेश फुकट असतो आणि काही विकत घ्यायला आलोय असं दाखवायची गरज नसते. वहीत नाव आणि गाव लिहायला सांगतात, तिथे ‘सांगली’ किंवा ‘सातारा’ ठळक लिहा. कोणत्या गावाहून लोक येतात हे गॅलरीवाल्यांना कळलंच पाहिजे.

पाठीवरची सॅक पुढे घ्या किंवा टेबलापाशी ठेवा. फ्लॅश बंद. हात लावायचा नाही. मखमल, टिकल्या, केस, मेण असं काही समोर असलं की हात आपोआप पुढे जातो, म्हणून हात मागे बांधून फिरायची सवय चांगली. कामांची यादी असलेला कागद मागून घ्या. त्यात शीर्षक, साल, माध्यम, आकार असतो. भिंतीवरचा इंग्रजी मजकूर मोबाइलमध्ये टिपून ठेवा आणि नंतर सावकाश वाचा. तो आत शिरताच वाचला तर पुढचं सगळं त्याच्याच डोळ्यांनी दिसायला लागतं.

कामासमोर

आता खरं काम. घड्याळ बघून नाही, पण एकेका कामाला वेळ द्यायचा. सगळ्यांना नाही, आधी एक झटपट फेरी मारा, आणि ज्या दोन-तीन कामांनी मागे ओढलं त्यांच्यापाशी परत या.

लांबून सुरुवात करा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून फक्त सौंदर्य टिपा. ‘छान आहे’ एवढ्यावर सोडू नका. नेमकं काय छान आहे? रंग? चकाकी? मांडणीतला तोल? वहीत एक ओळ लिहा. मग पावलापावलाने पुढे या आणि कुठल्या पावलाला काहीतरी बदललं ते पकडा.

लाहोरचे रशीद राणा यांचं २००७ चं ‘रेड कार्पेट’ मालिकेतलं काम हे समजायला फार उपयोगी आहे. लांबून तो भिंतीवर टांगलेला उंची गालिचा दिसतो: तांबडा, मधोमध नक्षी, काठाला वेलबुट्टी. अशा गालिच्यावर पाय ठेवायलाही माणूस कचरेल. जवळ जाता जाता नक्षी फुटायला लागते. वेलीची वळणं ठिपके होतात, ठिपक्यांचे चौकोन होतात. नाक लागेल इतकं जवळ गेल्यावर कळतं की प्रत्येक चौकोन हा एक छोटा फोटो आहे आणि ते सगळे फोटो कत्तलखान्यातले आहेत. तो सुरेख तांबडा रंग रक्ताचाच होता. आता मागे या. गालिचा पुन्हा जुळून येतो, पुन्हा सुंदर दिसतो, आणि हेच सगळ्यात त्रासदायक आहे. कत्तल कळल्यावरही डोळ्यांना तो आवडायचा थांबत नाही.

कुठल्या अंतरावर एक गोष्ट दुसरी झाली? ती जागा म्हणजे सांधा. पुष्कळदा तो अंतरात असतो. कधी वस्तूत असतो, कधी वेळात. अतुल डोडिया यांनी दुकानांना असतं तसं लोखंडी शटर घेऊन कामं केली. त्यांच्या ‘महालक्ष्मी’मध्ये बंद शटरवर लक्ष्मी आहे, रविवर्म्यांच्या छापील चित्रांतून आपल्या देवघरात आणि दुकानाच्या गल्ल्यामागे पोचली तशी. शटर वर सरकवलं की आत हुंड्याच्या धास्तीपायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. आपल्या बाजारपेठेत सकाळी शटर खडखडत वर जातं तो आवाज ज्याच्या कानात आहे, ज्याने घरात लग्नाची बोलणी ऐकलीत, त्याला या कामासाठी वेगळ्या अभ्यासाची गरज नाही. औंधला जाऊन आला असाल तर रविवर्म्यांची ती शैलीही तुम्ही पाहिलेली असेल.

वेळातल्या सांध्याचं उदाहरण म्हणजे जितीश कल्लाट यांचं ‘एपिलॉग’. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभरात पाहिलेले २२,८८९ चंद्र त्यात छायाचित्रांतून मांडले आहेत, आणि प्रत्येक चंद्र ही एक भाकर-पोळी आहे, कलेकलेने खाल्ली जाणारी. पहिल्या दहा चौकटी गोड वाटतात. चालत राहावं तसं लक्षात येतं की एका माणसाचं आयुष्य मोजून संपत चाललंय. हे काम चालत बघितलं तरच कळतं. म्हणून जिथे मालिका असेल तिथे शेवटपर्यंत पायी जा, मधूनच वळू नका.

खोली अंधारी असेल आणि आत व्हिडिओ किंवा फिरत्या सावल्या असतील, जसं नलिनी मालानी यांच्या कामांत असतं, तर दारात उभं राहून डोकावू नका. आत जा, डोळे सरावू द्या, खाली बसा. एक पूर्ण फेरा बघून मगच उठा.

अस्वस्थता कुठे जाणवते तेही लिहा, साध्या घरगुती शब्दांत. शिसारी आली? छातीत धडधड झाली? लाज वाटली? राग आला, आणि कुणाचा? आपल्या काव्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स यांना शृंगाराच्या पंक्तीत रस म्हणून मान दिला, पण शृंगार आणि बीभत्स एकमेकांचे विरोधी मानले. आजचे पुष्कळ कलावंत नेमके ते दोन एका ताटात वाढतात. त्यामुळे पाहणाऱ्याला अवघडल्यासारखं होणं हे समज कमी असल्याचं लक्षण मुळीच नाही. काम पोचल्याचीच ती खूण आहे.

नुसता धक्का कसा ओळखायचा

सगळंच अस्वस्थ करणारं काम चांगलं नसतं, आणि हे नवख्याने म्हणायला घाबरू नये. रक्त, कवट्या, भग्न बाहुल्या मांडल्या की कुणीही दचकतं. माझी कसोटी अशी: मनातल्या मनात त्यातली भीतिदायक गोष्ट काढून टाका. उरलेलं काम जसंच्या तसं उभं राहत असेल, तर ती वरून चिकटवलेली होती. राणांच्या गालिच्यातून कत्तलखाना काढला तर गालिचाच उरत नाही. दुसरी कसोटी वेळेची. पाच मिनिटांनी परत आल्यावर काही नवं दिसलं का? पहिल्या झटक्यातच सगळं संपलं असेल तर पुढे चला. कलावंत कितीही नामांकित असो, वाईट वाटून घेऊ नका.

मात्र ‘हे तर मीही केलं असतं’ हे वाक्य टाळा. त्याऐवजी गॅलरीतल्या माणसाला विचारा: हे कशाचं आहे, कसं बसवलं, किती दिवस लागले, टिकवतात कसं? कारागिरीचे प्रश्न विचारले की माणसं खुलतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळा कसा वाळवला हे विचारल्यावर जशी उत्तरं मिळतात, तशीच इथेही मिळतात. मराठीत विचारायला बिचकू नका.

सोबत

एकट्याने किंवा दोघांनी जावं. पाच-सहा जणांचा घोळका झाला की गप्पा होतात, पाहणं होत नाही. मुलांना न्यायला माझी हरकत नाही. त्यांची नजर ताजी असते. पण आधी एकाने आत जाऊन यावं. हिंसेची किंवा नग्नतेची कामं असतील तर चांगल्या गॅलऱ्या दारात तशी सूचना लावतात, काही लावत नाहीत. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, किंवा एखाद्या विषयाची जखम ताजी असेल, तर ते दालन सोडून द्या. मध्येच बाहेर पडण्यात कमीपणा नाही. सोबतच्या माणसालाही ‘एवढ्यात काय’ म्हणू नका. कुणाचा सांधा कुठे दुखतो ते आपल्याला माहीत नसतं.

परतीच्या गाडीत आणि पुढे

झोपण्यापूर्वी वही काढा. प्रत्येक कामासाठी तीन ओळी पुरतात: काय सुंदर होतं, काय टोचलं, आणि दोन्ही कुठे भेटले. तिसरी ओळ जमली नाही तर जागा मोकळी सोडा. ती दोन-तीन महिन्यांनी भलत्याच वेळी, भाजी चिरताना वगैरे, सुचते, तेव्हा भरा. भिंतीवरचा टिपलेला मजकूर आता वाचा आणि आपल्या ओळींशी ताडून बघा. जिथे पटत नाही तिथे खूण करा. कलावंताचं नाव लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी त्याच माणसाचं नवं काम शोधत जाणं हा शिकण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

वर्षभरात अशा तीन-चार खेपा झाल्या की कोची-मुझिरिस बिएनालेचा, म्हणजे केरळात भरणाऱ्या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनाचा, बेत करा. १२ डिसेंबर २०१२ ला ती सुरू झाली, आणि साधारण दर दोन वर्षांनी हिवाळ्यात फोर्ट कोचीच्या जुन्या वखारींमधून, बंगल्यांमधून भरते. कल्लाट आणि दुबे दोघांनीही एकेका आवृत्तीचं संयोजन केलंय. मसाल्यांचा वास मुरलेल्या गोदामात, खिडकीतून खाडीचं पाणी दिसत असताना ही कामं बघणं फार वेगळं असतं. पुण्याहून एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्सप्रेस मिरजेवरून जाते, पण आठवड्यातून एकदाच. तारखा जाहीर झाल्या की आधी तिचं आरक्षण बघा, मग रजेचा अर्ज. तिथे किमान तीन दिवस हवेत, आणि चपला चालायच्या असाव्यात.